नेसरीहून पोर्ट ऑफ स्पेनला

पोर्ट ऑफ स्पेनला जाण्याचा बेत आमच्या घरी शिजत आहे असे मी पारावर सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : “एवढ्या लांब स्पेनला जाणार, आणि नुसते बंदर पाहून परत येणार?” विचारणाऱ्याचा काही दोष नाही. नावच फसवे आहे. हे गाव स्पेनमध्ये नाही. अटलांटिक महासागराच्या पार पलीकडे, दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाला जवळजवळ खेटून असलेल्या ट्रिनिदाद बेटावर ते वसले आहे, आणि ट्रिनिदाद व टोबॅगो या जोडबेटांच्या देशाची ती राजधानी आहे. क्रिकेटचे वेड असलेल्या घरांत हे नाव देव्हाऱ्यातल्या नावासारखे परिचयाचे असते. इतर घरांत ते कोणी ऐकलेलेही नसते. आमच्या घरात दोन्ही पक्ष नांदतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की समुद्रच पाहायचा तर आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जावे. मासळी ताजी मिळते, आणि घरच्या म्हशींची धार चुकत नाही.

या पक्षाचे मन वळवण्यासाठी मी हिवाळाभर वाचन केले. समुद्राचे वर्णन करून उपयोग नव्हता, म्हणून इतिहासाकडे वळलो. आणि वाचता वाचता असे दिसू लागले की नेसरी आणि पोर्ट ऑफ स्पेन ही दोन गावे वाटतात तितकी परकी नाहीत. वाचकांनी थोडा धीर धरावा, म्हणजे हा दावा अगदीच हवेतला नाही हे त्यांनाही पटेल.

आमची नेसरी गडहिंग्लज तालुक्यातली. महाराष्ट्राला ती ठाऊक आहे ती एका दिवसामुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, परंपरा सांगते त्याप्रमाणे महाशिवरात्रीला, सरनौबत प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि इथल्या खिंडीत कामी आले. आदल्या वर्षी उमराणीला प्रतापरावांनी याच खानाला कोंडले होते, पाण्यावाचून व्याकुळ केले होते, आणि शरण आला म्हणून सोडूनही दिले होते. तो उलटून पुन्हा स्वराज्यात शिरला. महाराजांचे रागाचे शब्द सेनापतीच्या जिव्हारी लागले. पुढचे सर्वांना पाठ आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने ते घराघरात नेले. अवघ्या काही महिन्यांनी, ६ जूनला, रायगडावर राज्याभिषेक झाला. पुढे काही वर्षांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई ही राजारामांची राणी होऊन महाराजांच्या घरात आली.

त्या सात वीरांची म्हणून जी नावे लोकपरंपरेने जपली आहेत, त्यांत एक नाव सिद्दी हिलाल असे आहे. लहानपणी हे नाव आम्ही विसाजी बल्लाळ आणि विठोजी शिंदे यांच्याबरोबर एका दमात म्हणत असू. त्यातला ‘सिद्दी’ हा शब्द कुठून आला याचा विचार कोणी केला नाही. सिद्दी म्हणजे हबशी, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हिंदी महासागर ओलांडून आलेली माणसे. त्यांतले अनेक गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनेत आले. पण इथे गुलाम घोड्यावर बसू शकत होता, फौजेत वर चढू शकत होता. मलिक अंबरासारखा एक तर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जंजिऱ्याचे सिद्दी मराठ्यांना पुरून उरले. म्हणजे आमच्या खिंडीच्या कथेत एक आफ्रिकेचे रक्त आहे, आणि ते सन्मानाने आहे.

याच काळात आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी भरलेली जहाजे पश्चिमेकडे निघत होती. तिकडे त्यांना घोडा मिळणार नव्हता. तिकडे ऊस होता.

१६७४ साली स्वतः पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे फारसे काही नव्हते. कोलंबसाला १४९८ मध्ये हे बेट दिसले, स्पेनने ते आपले म्हटले, आणि राजधानी आत डोंगराच्या पायथ्याशी सान होसे येथे केली. वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने १५९५ मध्ये ती जाळली. त्याच वेळी बेटाच्या दक्षिणेकडील डांबराच्या तळ्यातून काळे डांबर काढून त्याने आपली गळकी जहाजे बुजवून घेतली. ते तळे आजही आहे, आणि त्यातले डांबर जगातल्या अनेक रस्त्यांवर पडले आहे. समुद्रकाठचे बंदर म्हणजे दलदल आणि थोड्या झोपड्या. १७५७ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर सान होसे सोडून तिथे राहायला आला आणि राजधानी नकळत मागोमाग आली. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक असलेल्या कोणालाही बेटावर जमीन देण्याचे फर्मान काढले. तेव्हा शेजारच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह लोटले. राज्य स्पेनचे, भाषा फ्रेंचांची, कष्ट आफ्रिकेचे, असा सगळा कारभार. १७९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमार येऊन ठाकले आणि स्पॅनिश गव्हर्नर चाकोनने फार न लढता बेट त्यांच्या स्वाधीन केले. या चाकोनला इतिहासकार दूषणे देतात. मला मात्र तो आवडतो, कारण गावात पूर आणणारी सेंट ॲन नदी त्याने डोंगराच्या कडेने वळवून दिली. आपल्याकडे नदी वळवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लोक पिढ्यान्‌पिढ्या घेतात.

१८०८ मध्ये गावाला मोठी आग लागली. नंतर दगडविटांचे, सरळ रस्त्यांचे शहर उभे राहिले. गव्हर्नर वुडफोर्डच्या काळात शहराच्या उत्तरेचा एक मळा विकत घेऊन त्याचे सार्वजनिक कुरण केले. ‘क्वीन्स पार्क सव्हाना’ हे ते विस्तीर्ण मैदान. गुरे गेली, आता माणसे फिरतात, आणि कार्निव्हलचा मोठा मांडव तिथेच पडतो.

आता उसाकडे येऊ, कारण नेसरीच्या माणसाला इतिहासातली ही बाजू कोणी समजावून सांगावी लागत नाही. ऊस तोडल्यावर तो थांबत नाही. ताबडतोब गाळला पाहिजे, नाही तर उतारा घसरतो. म्हणून उसाला एकाच वेळी पुष्कळ माणसे लागतात, वाकून काम करणारी लागतात, आणि मध्येच सोडून जाणारी चालत नाहीत. इंग्रजी साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये उमेदवारीच्या नावाखाली चाललेले तिचे शेपूटही गेले. मोकळे झालेले आफ्रिकी लोक मळा सोडून निघून गेले. कोण राहील? मळेवाल्यांनी मग हिंदुस्थानाकडे पाहिले.

‘फातेल रझाक’ नावाचे जहाज १६ फेब्रुवारी १८४५ रोजी कलकत्त्याहून निघाले आणि ३० मे रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात नांगरले. एकशे तीन दिवस. जहाजावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. तेथपासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी माणसे या बेटावर उतरली. बहुतेक अवध, बिहार आणि भोजपुरी मुलखातली, काही मद्रासकडची. मराठी माणूस याच पद्धतीने गेला तो मुख्यतः मॉरिशसला, मुंबई बंदरातून. तिथे आज गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ट्रिनिदादच्या जहाजांची वाट मात्र कलकत्त्याहून होती.

करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा लोकांनी ‘गिरमिट’ केला, आणि करारावर अंगठा देणारा तो गिरमिटिया. दलालाला अरकाटी म्हणत. तो बाजारात, धर्मशाळेत, तीर्थक्षेत्री माणसे हेरी : दुष्काळातून उठलेली, घरात भांडून निघालेली, विधवा, वाट चुकलेली. ट्रिनिदाद हे नाव तो ‘चिनीदाद’ असे सांगे म्हणतात. चिनी म्हणजे साखर, म्हणजे साखरेचा देश. तिथे साखर चाळायची, एवढेच काम. जहाजात चढल्यावर जात, गाव, सोवळे सगळे एकत्र मिसळे. तीन महिने एकाच पाटावर जेवलेली आणि एकाच पिंपातले पाणी प्यालेली माणसे मग आयुष्यभर एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत. त्यांच्या मुलांची सोयरीक होत नसे, इतके ते नाते सख्खे मानीत. आपल्याकडे वारीत एका दिंडीत चाललेली माणसे एकमेकांना जन्मभर विसरत नाहीत. त्यातलाच हा प्रकार, फक्त यांच्या वाटेला पंढरपूर नव्हते.

मळ्यावर उतरल्यावर कायदा कळे. ठरलेले काम पुरे झाले नाही, तर मजुरी कापली जाई. कामाला दांडी म्हणजे फौजदारी गुन्हा. शिक्षा दंड किंवा तुरुंग. मळ्याबाहेर जायला परवान्याची चिठ्ठी लागे. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवाव्यात असा नियम होता, आणि त्या अंकातून मळ्यावरील संसारांची काय दशा झाली असेल हे सांगायला नको. पाच वर्षे संपल्यावर आणखी पाच वर्षे बेटावर काढली की परतीच्या प्रवासाचा हक्क मिळे. पुष्कळांनी तो घेतला नाही. काहींना परतीच्या तिकिटाऐवजी जमिनीचा तुकडा देण्यात आला. जमीन मिळते म्हटल्यावर शेतकरी माणूस हलत नाही, हे इंग्रजांना कळले होते.

दिवाळी झाली की आमच्या भागात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगामभर हलता येत नाही. साखर कारखान्याच्या आसपास पालांची वस्ती पडते, पोरे उसाच्या वाढ्यांत खेळतात. गिरमिट आणि उचल एकच, असे मी म्हणत नाही. इथल्या माणसाला हंगाम संपल्यावर आपले गाव दिसते, आणि कायदा त्याला तुरुंगात घालीत नाही. पण नेल्सन बेटाची छायाचित्रे पाहताना मला पहिल्याने ही पालेच आठवली. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला खाडीत हे एवढेसे बेट आहे. जहाजातून उतरवलेल्या माणसांना तिथे ठेवीत, तपाशीत, आणि मग मळ्यांमध्ये वाटून देत. आमच्या बेतात पहिल्या दिवशीचे ठिकाण हे. होडीवाल्याशी आधी ठरवावे लागते.

ही पद्धत संपवण्यात ज्या माणसाचा वाटा मोठा आहे, तो आमच्याच वाटेवर वाढला, हे मला वाचनात कळले आणि फार बरे वाटले. कोल्हापूरहून गडहिंग्लजला येताना कागल लागते. गोपाळ कृष्ण गोखले जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचे. पण त्यांचे लहानपण कागलला गेले, शिक्षण कागल-कोल्हापूरला झाले. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपयांवर नोकरी करीत आणि त्यांतले आठ रुपये गोपाळला शिक्षणासाठी पाठवीत, असे चरित्रकार सांगतात. अशा घरातल्या मुलाला पैशाच्या अडचणीत माणूस कुठल्या कागदावर अंगठा देईल हे सांगावे लागत नाही.

१९१० मध्ये गोखल्यांनी नाताळला गिरमिटिये पाठवणे बंद करावे असा ठराव व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात आणला आणि तो सरकारने मान्य केला. दोन वर्षांनी, ४ मार्च १९१२ रोजी, ते पुढचे पाऊल टाकून म्हणाले की कुठेच नको. नाताळ नको, फिजी नको, ट्रिनिदाद नको, सगळी पद्धतच बंद करा. त्यांचे ते भाषण मी दोनदा वाचले. त्यात आरडाओरड नाही. अडाणी माणसाला शिक्षेचे कलम न सांगता करारावर अंगठा घेणे, त्याला न पाहिलेल्या देशात न पाहिलेल्या मालकाच्या हवाली करणे, पळाला तर गुन्हेगार ठरवणे, बायकांची ही अशी संख्या ठेवणे, आत्महत्यांचे आकडे, हे सगळे ते एका हिशेबनिसाच्या शांतपणाने मांडतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर मात्र काटा येतो. सरकारी सदस्यांच्या बहुमताने ठराव पडला. निवडून आलेले आणि बिनसरकारी हिंदी सदस्य गोखल्यांच्या बाजूने होते. त्यांच्या मतांनी त्या कौन्सिलात काही होत नसे.

सरकारने चौकशीसाठी मॅकनील आणि चिमणलाल या दोघांना ट्रिनिदाद आणि इतर वसाहतींत धाडले. त्यांचा अहवाल १९१५ मध्ये आला. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गोखले वारले, वय अवघे ४८. पुढच्या वर्षी मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा आणला, या वेळी सरकार नमले, आणि १९१७ मध्ये भरती थांबली. गोखल्यांनी दक्षिण आफ्रिका पाहिली; वेस्ट इंडीज पाहिले नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्यावर त्यांच्या नावाची पाटी असावी असे मला वाटते. कागलच्या शाळेत तरी असावी.

जे राहिले त्यांनी तिथे काय केले? दिवाळी केली. १९६६ पासून ट्रिनिदादमध्ये दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथे बांबू चिरून, त्याच्या कमानी वाकवून, त्यांवर मातीच्या पणत्या ओळीने मांडण्याची रीत आहे. त्या पणतीला ते ‘दिया’ म्हणतात आणि त्यात खोबरेल तेल घालतात. चागुआनासजवळ १९८६ पासून ‘दिवाळी नगर’ भरते. फेलिसिटी नावाच्या खेड्यातली दिवाळी आणि रामलीला प्रसिद्ध आहे; १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना कवी डेरेक वॉलकॉट यांनी आपल्या भाषणाची सुरुवात याच खेड्यातल्या रामलीलेने केली. वॉलकॉट स्वतः हिंदू नव्हते, हिंदीही नव्हते.

मोहरमही आहे. आमच्याकडे मोहरमात पंजे बसतात, ताबूत निघतात, आणि त्यांत सगळ्या जातींची माणसे असतात. कित्येक गावांत तर मुसलमानाचे एकच घर आणि ताबूत साऱ्या गावाचा. ट्रिनिदादला गेलेल्यांनी हाच मिसळीचा मोहरम नेला. तिथे त्याला ‘होसे’ म्हणतात. हसन-हुसेनच्या नावाचा तो अपभ्रंश. १८८४ मध्ये सरकारने मळ्यांवरच्या मिरवणुकांना गावात यायला बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडो गावाच्या वेशीवर ताबूत घेऊन आलेल्या गर्दीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अनेक माणसे मेली. मरणाऱ्यांत हिंदूही होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात होसेची मिरवणूक अजून निघते. या भागातल्या रस्त्यांची नावे कलकत्ता, दिल्ली, मद्रास, लखनौ अशी आहेत. तिथे एक संध्याकाळ नुसती पायी फिरण्यात घालवायची, असे मी बेतात लिहून ठेवले आहे.

आता क्रिकेट. आमच्या घरातला पहिला पक्ष एवढा वेळ चुळबुळत बसला असेल.

हिंदुस्थानचा संघ वेस्ट इंडीजला पहिल्यांदा गेला १९५३ मध्ये, विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली. पहिली कसोटी पोर्ट ऑफ स्पेनलाच, क्वीन्स पार्क ओव्हलवर. तेव्हा तिथे तागाच्या चटईवर खेळत. एव्हर्टन वीक्सने २०७ धावा काढल्या, आणि दादरच्या एका किरकोळ शरीराच्या लेगस्पिनरने त्याच डावात सात बळी घेतले. त्याचे नाव सुभाष गुप्ते. त्या मालिकेत त्याने २७ बळी मिळवले. याच मैदानावर तिसऱ्या कसोटीत माधव आपटे यांनी नाबाद १६३ धावा केल्या, मालिकेत ४६० केल्या, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कधी कसोटी खेळायला मिळाली नाही. असे का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

गुप्त्यांची गोष्ट अधिक लांब आहे. त्या दौऱ्यात त्यांनी ट्रिनिदादमधली एक मुलगी पाहिली आणि पुढे तिच्याशी लग्न केले. १९५८ मध्ये कानपूरला याच वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ बळी घेतले. गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणत असे. १९६१ मध्ये दिल्लीच्या कसोटीवेळी हॉटेलातल्या त्यांच्या खोलीतील सोबत्याने स्वागतिकेला फोन करून काही विचारले, तक्रार झाली, सोबत्याबरोबर गुप्तेही दोषी धरले गेले, सोबत्याला का अडवले नाही म्हणून. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातून त्यांना वगळले. वय बत्तीस, ३६ कसोट्यांत १४९ बळी, आणि कारकीर्द संपली. माझ्या मते हिंदी क्रिकेटने आपल्या माणसावर केलेला हा मोठा अन्याय. गुप्ते ट्रिनिदादला जाऊन राहिले आणि तिथल्या साखर उद्योगात नोकरीला लागले. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते वारले. आदल्या दिवशी, ३० मेला, फातेल रझाकच्या आगमनाची सुट्टी असते.

१९६२ चा तो दौरा वाईटच गेला. पाचही कसोट्या हरलो. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. त्याच्या शस्त्रक्रियेसाठी प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिले. आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. त्याच उम्रीगरने पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, एका डावात पाच बळीही घेतले, आणि तरी सामना हरलाच. त्या वर्षी ३१ ऑगस्टला ट्रिनिदाद स्वतंत्र झाला.

मग १९७१. मी तेव्हा शाळकरी होतो. तिकडे सकाळचे अकरा म्हणजे इकडे रात्रीचे साडेआठ. तिथला खेळ रंगात येई तेव्हा आमच्या आळीतले दिवे मालवलेले असत. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले होते. पहिल्या कसोटीत किंग्स्टनला, ७५ धावांत पाच गडी गेलेले असताना, मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या आणि वाडेकरांनी सोबर्सला चक्क फॉलोऑन दिला. दुसरी कसोटी ६ मार्चपासून पोर्ट ऑफ स्पेनला. तिथे बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर उतरला : ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाई ११२, एकनाथ सोलकर ५५. सलीम दुराणीने लॉइड आणि सोबर्स हे दोघे लागोपाठ उडवले, वेंकटराघवनने पाच बळी घेतले, आणि १० मार्चला सात गडी राखून आपण जिंकलो. वेस्ट इंडीजवर हिंदुस्थानचा हा पहिला कसोटी विजय. तीच आघाडी शेवटपर्यंत टिकली. शेवटची कसोटी पुन्हा याच मैदानावर. गावसकर दातदुखीने बेजार, आणि १२४ व २२० धावा. चार कसोट्यांत ७७४. सरदेसाई ६४२. पुढे १९७६ मध्ये याच मैदानावर ४०३ धावांचे लक्ष्य आपण चार गडी गमावून गाठले, तेव्हा गावसकर १०२.

क्वीन्स पार्क ओव्हलवर जाऊन तिथल्या कट्ट्यावर तासभर बसणे हा पहिल्या पक्षाचा हट्ट आहे आणि तो मान्य करण्यात आला आहे. १९५३ मध्ये हे मैदान पाहायला आलेल्यांत कितीतरी जण गिरमिटियांची मुले-नातवंडे असतील. त्यांच्या आज्याने सोडलेल्या देशाचा संघ आला होता, पांढऱ्या कपड्यांत, स्वतःच्या झेंड्याखाली.

१९७१ च्या त्या पराक्रमावर ट्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरवर एक कॅलिप्सो रचले. आपला संघ हरला म्हणून शाहीर रुसला नाही. त्याने विजेत्याचेच गाणे केले आणि सारे बेट ते गायले. कॅलिप्सो म्हणजे काय, हे आपल्याकडे एका शब्दात सांगता येते : पोवाडा. ताजी घटना, नावागावासह, टोमण्यासह, चालीवर. कार्निव्हलच्या आधी महिनाभर शाहिरांचे फड तंबूंत रंगतात, समोरासमोर सवाल-जबाब होतात, राज्यकर्त्यांची यथेच्छ टर उडवली जाते. ढोल वाजवायला एकेकाळी इंग्रज सरकारने मनाई केली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले. पुढे विसाव्या शतकात तेलाची रिकामी पिंपे ठोकून, तापवून, त्यांतून स्वर काढले. स्टीलपॅन हे वाद्य जन्मले ते याच शहराच्या गरीब वस्त्यांत. नेसरी महाराष्ट्राला माहीत झाली ती गाण्यातून. त्यामुळे शाहिरांच्या गावाला जायला आम्हांला संकोच वाटायचे कारण नाही.

केव्हा जावे? कोरडा हंगाम जानेवारी ते मे, जूनपासून पाऊस. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. तो दिवस ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टर चंद्रावरून. म्हणून बहुतेक वर्षी कार्निव्हल आणि आपली महाशिवरात्र एकाच अमावास्येच्या आगेमागे येतात. २०२६ चेच पाहा : महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, कार्निव्हल १६ आणि १७ ला. काही वर्षी मात्र दोन्हींत महिन्याचे अंतर पडते, आणि आम्हांला तसेच एखादे वर्ष गाठायचे आहे, कारण शिवरात्रीला खिंडीतले स्मारक सोडून परदेशी असणे घरात कोणालाच मान्य नाही. हिंदुस्थानातून थेट विमान नाही; लंडन किंवा न्यूयॉर्कवरून जावे लागते. ट्रिनिदाद पीतज्वराच्या मुलखात मोडतो, तेव्हा लस टोचून पिवळी पुस्तिका जवळ ठेवलेली बरी; परतताना आपल्याच विमानतळावर ती विचारतात. खाण्याची चिंता दुसऱ्या पक्षाला होती. ‘डबल्स’ म्हणून तिथे न्याहारीला दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत हरभऱ्याची उसळ घालून देतात, आणि ‘दालपुरी’ म्हणजे वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली पोळी. गूळ घातला की आपली पुरणपोळीच. हे ऐकल्यावर वेंगुर्ल्याचा आग्रह बराच सौम्य झाला.

दोन दिवस मी शहरातल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यासाठी राखले आहेत. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद तिथल्या जाड वह्यांत आहे : जहाजाचे नाव, माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, ठाणे, गाव, आणि कुठल्या मळ्यावर धाडले ते. २०११ मध्ये युनेस्कोने या नोंदी जगाच्या स्मृतींत जपायच्या दस्तऐवजांत घेतल्या. अंगावरच्या खुणेचा रकाना वाचण्यासारखा असणार. डाव्या भुवईवर वण, उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग, असे काही. तीर्थक्षेत्री अरकाटी माणसे हेरीत. आणि काशीयात्रेला आपल्याकडची माणसे पायी जात, त्यांतली सगळीच परत येत नसत. गेलेल्याच्या नावाने घरी काही वर्षांनी दर्भाची बाहुली करून दहन करीत. त्या वह्यांत मी जिल्ह्याच्या रकान्यावरून बोट फिरवत जाणार आहे. सातारा, रत्नागिरी, बेळगाव, कोल्हापूर, अशी चार नावे चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून ठेवली आहेत, म्हणजे तिथल्या कारकुनाला दाखवता येतील.